निगेटिव्हची नाडीपरीक्षा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कृष्णधवल फिल्म घरच्या घरी धुणाऱ्या प्रत्येकाला एक क्षण चांगला ओळखीचा असतो. टाकीचं झाकण उघडलेलं असतं, ओली फिल्म चकतीवरून सोडवून आपण दिव्यासमोर धरतो आणि चित्रं पाहायच्या आधीच नजर एखाद्या डागावर जाऊन अडकते. कुठे गोल ठिपका, कुठे रेघ, कुठे चंद्रकोर, तर कुठे दुधाची साय धरावी तसा पांढुरका पडदा. मग मन लगेच कोणावर तरी ठपका ठेवून मोकळं होतं. रसायन जुनं होतं, कॅमेरा बिघडला, दुकानदारानं खराब रोल दिला! आणि बोट आपोआप त्या डागाकडे जातं. जरा चोळून पाहू, निघतो का.

आज मला सांगायचं आहे ते या क्षणाविषयीच. कारण बोट लावायच्या आधीचे ते दोन-चार मिनिटं फार मोलाची असतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात. निगेटिव्ह मात्र एकच असते. तिच्यावरचे काही दोष सहज बरे होण्यासारखे असतात, काही कधीच बरे होत नाहीत आणि काही तर आपण घाईनं केलेल्या उपचारांमुळेच कायमचे होतात. म्हणून वैद्य जसा औषधाआधी नाडी पाहतो, तशी आधी निगेटिव्हची नाडी पाहायला शिकलं पाहिजे.

घरात फिल्म धुणं हे आपल्याकडे काही नवं खूळ नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि इतर सामग्री घेऊन आले, तेव्हा त्यांचं घर हीच त्यांची प्रयोगशाळा होती. कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रं पाडणं, रसायनं तयार करणं या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला, त्यामागे एका मराठी घरातली ही अंधारातली मेहनत होती. पुढे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आली आणि कित्येक हौशी छायाचित्रकारांचे हात तिच्यावर बसले. तो कारखाना आता बंद झाला आहे. पण गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळताना दिसतात. गावोगावच्या कृष्णधवल रोल धुऊन देणाऱ्या स्टुडिओंची संख्या मात्र रोडावली. त्यामुळे न्हाणीघरात टाकी घेऊन बसण्यावाचून या मुलांना गत्यंतर नाही, आणि डाग पडला तर विचारायला शेजारी जाणतं माणूसही नसतं.

आधी फिल्म म्हणजे काय ते पाहू

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, ती प्लॅस्टिकच्या पट्टीची. दुसरी थोडी मंद, ती जिलेटीनच्या थराची. याच थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो. उरलेले कण फिक्सर, म्हणजे आपला जुना हायपो, विरघळवून काढून टाकतो. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८१९ साली दाखवून दिलं होतं. छायाचित्रणाचा शोध जगजाहीर झाला तो १८३९ मध्ये. म्हणजे चित्र टिकवायचं औषध चित्राच्या वीस वर्षं आधी तयार होतं!

लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की जिलेटीन पाण्यात फुगतं. अल्कधर्मी डेव्हलपरमध्ये ते जास्त फुगतं, आम्लात आकसतं, गरम पाण्यात मऊ पडतं. ओल्या फिल्मचा थर हा भिजलेल्या पापडासारखा समजा. सुकला की चिवट, ओला असताना नखाचासुद्धा भार न सोसणारा. ओल्या फिल्मवरचा डाग बोटानं चोळू नये, याचं कारण एवढंच.

तीन प्रश्न

फिल्म वाळली, की ती दिव्यासमोर धरा आणि डागाला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : निगेटिव्हवर हा डाग काळा आहे की पारदर्शक? काळा असेल, तर तिथे गरजेपेक्षा जास्त चांदी तयार झाली आहे. म्हणजे नको तिथे प्रकाश लागला, दाब पडला किंवा डेव्हलपरनं जास्त काम केलं. पारदर्शक असेल, तर तिथे प्रकाश किंवा डेव्हलपर पोचलाच नाही, नाहीतर तयार झालेला थर खरवडून निघाला. प्रिंटमध्ये हे सगळं उलटं दिसतं. त्यामुळे निदान नेहमी निगेटिव्हवरून करावं, प्रिंटवरून किंवा फोनच्या पडद्यावरून नव्हे.

दुसरा प्रश्न : डाग कोणत्या बाजूला आहे? फिल्म तिरकी धरून एकाच दिव्याचा उजेड तिच्यावरून घसरू द्या. ओरखडा किंवा पाण्याचा वाळलेला थेंब असेल, तर तो ज्या बाजूचा आहे त्या बाजूनं चमकून उठतो. दोन्हीकडून काहीच उठत नसेल आणि आरपार मात्र दिसत असेल, तर डाग थराच्या आत आहे.

तिसरा प्रश्न : डागाला काही शिस्त आहे का? प्रत्येक चौकटीत त्याच जागी येतो का? छिद्रांच्या रांगेशी त्याचं नातं आहे का? तो चौकटीपुरताच आहे, की दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेतही पसरला आहे? कॅमेऱ्याच्या भिंगातून आलेला दोष चौकटीच्या बाहेर जाऊ शकत नाही. टाकीतला दोष चौकट ओळखत नाही. एवढं एक सूत्र धरलं तरी निम्मे तंटे मिटतात.

याच्या जोडीला फिल्मच्या कडेवरचे आकडे पाहावेत. ते कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात आणि आपल्या डेव्हलपरमध्येच उघड होतात. संपूर्ण रोल कोरा निघाला, पण कडेचे आकडे ठसठशीत आहेत, तर डेव्हलपर निर्दोष आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नाहीत, तर कॅमेऱ्याला बोल लावू नका. डेव्हलपर मेलेला होता, किंवा त्याच्या आधी फिक्सर ओतला गेला.

पारदर्शक डाग

आता एकेक दोष घेऊ. सुबक गोल, पारदर्शक ठिपके बहुधा हवेच्या बुडबुड्यांचे असतात. डेव्हलपर ओतताना बुडबुडा फिल्मला चिकटला, की त्याखाली रसायन पोचत नाही. उपाय अगदी सोपा. ओतून झाल्यावर टाकी टेबलावर दोन-तीनदा टक्‌टक्‌ आपटावी आणि प्रत्येक वेळी हलवून झाल्यावर पुन्हा एकदा आपटावी.

ठिपके वेडेवाकडे, केसासारखे, धाग्यासारखे असतील आणि चौकटीच्या आतच असतील, तर तो कॅमेऱ्यातला कचरा. चित्र घेताना त्याची सावली फिल्मवर पडली. दर चौकटीत त्याच कोपऱ्यात तोच केस दिसत असेल, तर तो फिल्मच्या खिडकीत अडकलेला आहे. फुंकणीनं साफ करावा. तोंडानं फुंकू नये, थुंकीचे कण उडतात.

टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं दिसली, तर डेव्हलपरमध्ये धुण्याचा सोडा आहे का ते पाहा. कॉफी आणि धुण्याच्या सोड्याचा घरगुती डेव्हलपर करणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. सोडा आणि कडक आम्लाचा स्टॉप बाथ एकत्र आले, की थराच्या आत वायूचे सूक्ष्म बुडबुडे फुटतात. स्टॉप बाथ सौम्य करावा किंवा मध्ये साध्या पाण्याच्या दोन धुण्या घ्याव्यात.

एका कडेनं संपूर्ण लांबीभर फिकट पट्टा आला, तर टाकीत रसायन कमी पडलं. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलला किती मिलिलिटर लागतं, ते टाकीच्या बुडाशी लिहिलेलं असतं. त्यापेक्षा थोडं जास्तच घ्यावं.

काळे डाग

निगेटिव्हवर नखाएवढ्या काळ्या चंद्रकोरी दिसल्या, तर त्या आपल्याच बोटांच्या आहेत. अंधारात चकतीवर फिल्म चढवताना ती कुठेतरी दुमडली. त्या दाबानं कण प्रकाश लागल्यासारखे वागले. हा दोष पावसाळ्यात हटकून वाढतो. हवेत ओल असली, की प्लॅस्टिकच्या चकतीत फिल्म अडकते, आपण जोर लावतो आणि ती मुडपते. चकती आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवावी. शंका असेल तर केस वाळवायच्या यंत्रानं खोबणी सुकवून, थंड होऊ द्यावी. वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून, मग काळ्या पिशवीत, असा सराव करावा. फिल्म अडकली तर रेटू नये. ती टाकीत ठेवून झाकण लावावं, हात पिशवीबाहेर काढून पुसावेत आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरुवात करावी. पिशवीत घामेजलेले हात हा मुंबई-कोकणातला मोठा शत्रू आहे.

याउलट कोरड्या थंडीत, रोल भराभर मागे गुंडाळला तर स्थिर विजेची ठिणगी पडते आणि फिल्मवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा उमटतात. रोल सावकाश गुंडाळावा, एवढंच त्याला औषध.

छिद्रांपासून चित्रात उतरणारे गडद पट्टे हे टाकी फार जोरात हलवल्याचं लक्षण. प्रत्येक छिद्रातून रसायन कारंज्यासारखं आत शिरतं आणि तिथे जास्त काम करतं. हलवणं अगदीच कमी झालं, तर दाट भागांतून वापरलेलं रसायन खाली ओघळून फिकट पट्टे पडतात. म्हणून मध्यम मार्ग बरा : सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा टाकी उलटीसुलटी करायची आणि मग दर मिनिटाला पुन्हा तेवढंच. ताकद मात्र ताक घुसळायची नको.

धुरकट काळे पट्टे कडांच्या छिद्रांपर्यंत गेले असतील, तर प्रकाश कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून, रोलच्या डबीतून किंवा काळ्या पिशवीतून शिरला. ते फक्त चौकटीत असतील, तर भिंग किंवा शटर तपासावं.

दुधाळ फिल्म

आता सर्वांत जास्त घाबरवणारा, पण सर्वांत सहज बरा होणारा दोष. फिल्म टाकीतून निघते ती दुधाळ, आरपार न दिसणारी. एकदा एक तरुण असाच रोल घेऊन आला होता. आजोबांचे शेवटच्या दिवाळीतले फोटो त्यात होते. घरच्यांनी 'जाऊ दे, टाकून दे' असं सांगितलेलं. खरं तर त्या फिल्मला काहीच झालेलं नव्हतं. फिक्सर थकलेला होता, एवढंच. ताज्या फिक्सरमध्ये पाच-सहा मिनिटांत साय उतरावी तसा पडदा उतरला आणि आजोबा खुर्चीत बसलेले दिसले. फिल्म दुधाळ राहते, कारण न वापरलेले चांदीचे क्षार तिच्यात तसेच असतात. ते उजेडात हळूहळू काळवंडतात. म्हणून हे काम महिनोन्‌महिने लांबवू नये. ताजा फिक्सर, मग पूर्ण धुणं, आणि फिल्म बरी.

फिक्सर जिवंत आहे की नाही हे आधीच कळू शकतं. रोलचं न वापरलेलं टोक कापून फिक्सरमध्ये टाका आणि ते स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ संपूर्ण रोलला द्यायचा. ताज्या फिक्सरला जेवढा वेळ लागत होता त्याच्या दुप्पट वेळ टोकालाच लागू लागला, की तो फिक्सर बाद. ही परीक्षा एका मिनिटाची आहे आणि ती न केल्यामुळे कित्येक रोल कचऱ्यात गेले असतील.

गुलाबी किंवा जांभळट झाक ही वेगळी गोष्ट आहे. फिल्म आरपार दिसते, फक्त रंग उरला आहे, तर तो काही जातींच्या फिल्ममधला रंगद्रव्याचा अंश आहे. त्यानं चित्राचं नुकसान होत नाही. पुन्हा फिक्स करून नीट धुतली की बरीचशी झाक जाते.

पण दुधाळ डाग तुकड्यातुकड्यांनी असेल आणि त्या जागी चित्रच नसेल, तर चकतीवर फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. तिथे डेव्हलपरही गेला नाही आणि फिक्सरही. पुन्हा फिक्स केल्यावर तो तुकडा काचेसारखा स्वच्छ होईल, पण त्यातलं चित्र परत येणार नाही. हे आधीच जाणून घेतलेलं बरं. आशा लावून फिल्म खरवडण्यात अर्थ नाही.

ओरखडे

ओरखडा संपूर्ण रोलभर, एकाच उंचीवर, आगगाडीच्या रुळासारखा सरळ गेला असेल, तर तो फिल्म सरकताना पडला आहे. मंद बाजू कॅमेऱ्यात भिंगाकडे असते, चकचकीत बाजू मागच्या दाबपट्टीकडे. म्हणून चकचकीत बाजूची सरळ रेघ दाबपट्टीवरच्या कणाकडे बोट दाखवते आणि मंद बाजूची खिडकीच्या कडेकडे. डबीच्या तोंडाशी असलेल्या मखमलीत वाळूचा कण अडकला, तर रेघ कोणत्याही बाजूला पडू शकते. समुद्रकिनाऱ्यावर किंवा जत्रेच्या धुळीत रोल बदलणाऱ्यांनी डब्या झाकणबंद ठेवाव्यात. आखूड, तिरके, बेशिस्त ओरखडे मात्र धुतल्यानंतरचे. ओल्या फिल्मवरून पाणी निपटायला चिमटा किंवा दोन बोटं फिरवली, की त्यात अडकलेला एक कण संपूर्ण लांबीभर नांगर चालवतो. मी तर म्हणेन, पाणी निपटूच नये. ते आपोआप ओघळतं.

चकचकीत बाजूचा ओरखडा तात्पुरता बुजवता येतो. डार्करूममधले जुने लोक नाकाच्या शेंड्यावरचं तेल बोटाला लावून त्या रेघेवरून हलकेच फिरवत. हसू नका, त्यात शास्त्र आहे. तेल खाचेत भरतं, प्रकाश विखुरत नाही आणि प्रिंटमधली रेघ नाहीशी होते. व्हॅसलिनचा अगदी पुसट हातही चालतो. नंतर तो पुसून घ्यावा. मंद बाजूचा ओरखडा मात्र चांदीच घेऊन जातो. तो निगेटिव्हवर दुरुस्त होत नाही, प्रिंटवर ब्रशनं किंवा संगणकावर सावरावा लागतो. इथे एक सांगून ठेवतो. स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ आणि ओरखडे आपोआप घालवायची सोय असते. ती रंगीत फिल्मला उपयोगी पडते, पण कृष्णधवल फिल्मची चांदी ते किरण अडवते. त्यामुळे यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरकच कळत नाही. ती सोय बंदच ठेवावी.

आपलं पाणी, आपलं हवामान

आपल्याला पुरून उरणारे दोष पाण्याचे. फिल्म वाळल्यावर पांढरट गोल कडी किंवा ओघळ दिसले, तर ते क्षारांचे. ज्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो, तेच पाणी फिल्मवरही वाळतं. शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची द्यावी. बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. त्यात फिल्मसाठी मिळणारं ओलावक द्रव्य बाटलीवर सांगितलं असेल तेवढंच घालावं. जास्त घातल्यानं जास्त स्वच्छ होत नाही, उलट तेलकट पट्टे उरतात.

डाग पडलेच तर? चकचकीत बाजूचे असतील, तर तोंडाची वाफ देऊन मऊ सुती कापडानं पुसता येतात. मंद बाजूचे असतील, तर संपूर्ण पट्टी पंधरा मिनिटं डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पुन्हा टांगावी. क्षार हट्टी असतील, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून त्यात एक-दोन मिनिटं बुडवावी आणि पुन्हा धुवावी.

पाणीटंचाईच्या गावांत नळाखाली अर्धा तास फिल्म धरण्याची चैन परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. इल्फर्ड कंपनीनं सुचवलेली रीत उत्तम आहे. टाकी भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करून पाणी टाकायचं. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात हायपो निघून जातो. मात्र फिक्सर कडक करणारं रसायन मिसळलेला नसावा.

आता उन्हाळा. पुस्तक सांगतं २० अंश सेल्सिअस. आपल्या नळाला मे महिन्यात ३० अंशांच्या वरचं पाणी असतं. मग आपण डेव्हलपरची बाटली बर्फात ठेवून २० अंशांवर आणतो, धन्य होतो आणि नंतर फिल्म नळाखाली धरतो. एकदम दहा-बारा अंशांची उडी! फुगलेला जिलेटीनचा थर हा धक्का सोसत नाही. तो आकसून त्याला सुरकुत्या पडतात आणि वाळल्यावर भेगाळलेल्या शेतासारखी जाळी दिसते. हा दोष कायमचा. पाणी फारच गरम असेल, तर थर कडांपासून सुटूनही येतो. आजच्या फिल्म पूर्वीपेक्षा कणखर आहेत, पण त्यांची परीक्षा पाहू नये.

खरं पथ्य २० अंशांचं नाही. सगळी पाणी आणि सगळी रसायनं एकाच तापमानाची, दोन-तीन अंशांच्या आत असावीत, हे खरं पथ्य. धुण्याचं पाणीसुद्धा आधीच बादलीत भरून ठेवावं. माठातलं पाणी इथे फार उपयोगी. चोवीस-सव्वीस अंश साधले तरी काम होतं. वेळ मात्र बदलावा. ढोबळ हिशेब असा, की एक अंश वाढला की वेळ दहा टक्क्यांनी कमी. एचपी-५ प्लस ही फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं घेते. २४ अंशांना ती पाच मिनिटांवर येते. पाच मिनिटांच्या खाली गेलं, की ओतण्या-काढण्यातले सेकंदही चट्टे पाडू शकतात. अशा वेळी त्याच डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळावं. मग २० अंशांचा वेळ तेरा मिनिटं होतो आणि २६ अंशांनाही सुमारे सात मिनिटं हाताशी राहतात. बर्फाशी झटापट करण्यापेक्षा हे सोपं.

पावसाळ्यातला शत्रू बुरशी. जिलेटीन हे तिचं आवडतं अन्न. वाळलेली निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावी. पीव्हीसीची पाकिटं नकोत. घरातल्या जुन्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी दिसली, तर एक चूक कटाक्षानं टाळा. ती पाण्यानं धुऊ नका. बुरशीनं खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं, आणि डागाबरोबर आजीचा चेहराही वाहून जातो. आधी आहे तशी निगेटिव्ह स्कॅन करा किंवा तिचा फोटो काढून ठेवा. मग कोरड्या जागी हलवा आणि मऊ कोरड्या ब्रशपलीकडे काही करायचं असेल, तर जाणकाराला दाखवा.

वहीची सवय

शेवटी एक सल्ला. एक साधी वही करा. तारीख, फिल्म, डेव्हलपर कितव्यांदा वापरला, तापमान, वेळ, पाणी कुठलं आणि काय दोष आला, एवढंच एका ओळीत लिहा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. डाग दिसला म्हणून डेव्हलपर, फिक्सर, चकती सगळंच बदललं, तर डाग जाईल, पण तो कशानं पडला होता हे कधीच कळणार नाही आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा दारात उभा राहील. महत्त्वाचा रोल नव्या रसायनात कधीही पहिला टाकू नये. आधी चार-सहा चौकटींचा बिनमहत्त्वाचा तुकडा धुऊन पाहावा.

आणि फिल्म ओली असताना कितीही वाईट दिसली, तरी त्या दिवशी निकाल देऊ नका. ती धूळ नसलेल्या जागी, खाली वजनाचा चिमटा लावून टांगा. गरम वारा देऊ नका. न्हाणीघराचं दार लावून घ्या. सकाळी ती कोरडी झाली, की खिडकीच्या उजेडात धरा आणि ते तीन प्रश्न विचारा. काळा की पारदर्शक? कोणती बाजू? कोणती शिस्त? बहुतेक वेळा फिल्म स्वतःच उत्तर देते.